गच्चीवरच्या टाकीचा दाब: तळापासून नळापर्यंतचा हिशेब

सोसायटीच्या सभेत पाण्याच्या प्रेशरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सुचवतं, टाकी मोठी बसवा. दहा हजार लिटरची टाकी वीस हजारांची केली तर पाणी जास्त वेळ पुरेल, हे खरं. शॉवरची धार मात्र तशीच राहील. टाकीच्या तळाशी दाब किती, हे एकाच मापावर ठरतं: पाण्याच्या वरच्या पातळीपासून तळापर्यंतची उभी खोली. टाकी गोल की चौकोनी, रुंद की अरुंद, आरसीसीची की प्लास्टिकची, याने काही फरक पडत नाही. दीड मीटर खोल पाणी चाळीतल्या पिंपात असो की टॉवरवरच्या लाखभर लिटरच्या टाकीत, तळाचा दाब सारखाच.

हा हिशेब सोपा आहे. चुका होतात त्या उंची कुठून कुठपर्यंत मोजायची यात, एककांमध्ये, आणि नळ बंद असतानाचा दाब व नळ चालू असतानाचा दाब यांची गल्लत करण्यात.

सूत्र

दाब = पाण्याची घनता × गुरुत्वत्वरण × खोली

घनता १००० किलो प्रति घनमीटर, गुरुत्वत्वरण ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि खोली मीटरमध्ये घेतली की उत्तर पास्कलमध्ये येतं. टाकीत १.८ मीटर पाणी असेल तर १००० × ९.८१ × १.८ = १७,६५८ पास्कल, म्हणजे १७.६६ किलोपास्कल.

अगदी काटेकोर व्हायचं तर मुंबईच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण ९.७८६ च्या आसपास असतं आणि ३० अंश सेल्सिअसच्या पाण्याची घनता ९९५.७ भरते. दोन्ही मिळून पुस्तकी आकडा थोडा जास्त येतो, पण तो फरक पाऊण टक्क्याच्याही आत असतो. पाण्याची पातळी मोजताना टेप दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी याहून मोठी चूक होते, म्हणून १००० आणि ९.८१ बिनधास्त वापरा. समुद्राचं पाणी साठवणाऱ्या टाकीला मात्र घनता १०२५ धरायची, तिथे फरक अडीच टक्क्यांचा आहे.

प्लंबर हे सूत्र वापरत नाहीत, आणि त्यांना त्याची गरजही नसते. त्यांचा हिशेब असा: दहा मीटर पाण्याला एक किलो प्रेशर. हा 'किलो' म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एक चौरस सेंटिमीटर तळाचा, दहा मीटर उंच पाण्याचा खांब डोळ्यासमोर आणा. त्यात १००० घन सेंटिमीटर म्हणजे एक लिटर पाणी मावतं, त्याचं वजन एक किलो, आणि ते सगळं त्या एका चौरस सेंटिमीटरवर. म्हणून दर मीटरला ०.१ किलो. आपल्या १.८ मीटरला ०.१८ किलो.

एककांची अदलाबदल एवढी पाठ असली की पुरे:

१ किलो प्रति चौ. सेंमी = १० मीटर पाणी = ९८.०७ किलोपास्कल = १४.२२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच)
१ बार = १०.२ मीटर पाणी
१ पीएसआय = ०.७० मीटर, म्हणजे २.३१ फूट पाणी
१ मेगापास्कल = १०२ मीटर पाणी

शेवटची ओळ गीझरच्या लेबलसाठी. त्यावर '०.८ मेगापास्कल' लिहिलेलं असतं आणि वाचणारा ते पाऊण किलो समजून 'आपल्याकडे याहून जास्त प्रेशर आहे, चालणार नाही' असा निष्कर्ष काढतो. ०.८ मेगापास्कल म्हणजे ८ बार, म्हणजे ८१ मीटरपेक्षा जास्त पाणी. उंच इमारतींसाठी म्हणून विकले जातात ते हेच गीझर.

आणखी एक शंका नेहमी निघते: हवेचा दाब मिळवायचा का? पाण्यावर हवेचा दाब असतोच, सुमारे १०१.३ किलोपास्कल, म्हणजे दहा मीटरहून थोडं जास्त पाणी. पण तो टाकीच्या बाहेरच्या बाजूनेही तेवढाच असतो, नळाच्या तोंडाशीही तेवढाच. दाब मोजणारं गेज शून्यापासून दाखवतं ते हवेच्या दाबाच्या वरचं. म्हणून नळ, पाइप आणि टाकीच्या भिंतीच्या कामात तो धरायचा नाही.

खोली मोजताना

टाकीची उंची आणि पाण्याची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरसीसी टाकी आतून २.१ मीटर उंच असेल, पण ओव्हरफ्लोचा पाइप १.९ मीटरवर आणि बॉल कॉक किंवा पंपाचा फ्लोट स्विच १.८ मीटरवर बंद होत असेल, तर कामाची खोली १.८. प्लास्टिकच्या टाकीत हा फरक आणखी मोठा, कारण कॅटलॉगमधल्या उंचीत वरचा घुमट आणि झाकणही धरलेलं असतं.

मोजायचं असं. पंप बंद करा, पाणी स्थिरावू द्या. मॅनहोलमधून कोरडी, सरळ लोखंडी पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप उभा तळाला टेकवा. पट्टीवर खालपासून खडू घासून ठेवला तर ओली रेघ स्पष्ट दिसते. कापडी टेप पाण्यात वाकतो, तो नको. तळाशी गाळ असेल तर पट्टी गाळावर टेकते की स्लॅबवर, हे ठोकून पाहा; धुवायच्या वेळेला आलेल्या टाकीत दोन-चार सेंटिमीटर गाळ सहज असतो.

दाब तळाचा हवा की आउटलेटचा, हेही आधी ठरवा. गाळ पाइपात जाऊ नये म्हणून आउटलेट तळापासून १० ते १५ सेंटिमीटर वर काढलेलं असतं. १.८ मीटर पाण्यात १५ सेंटिमीटरवरच्या आउटलेटच्या मध्याशी दाब १.६५ मीटरचा, म्हणजे ०.१६५ किलो. आउटलेट दोन इंची असो की चार इंची, पाणी थांबलेलं असताना हा आकडा बदलत नाही.

गेजशिवाय पडताळणी करायची तर गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या. तिचं एक टोक टाकीच्या वॉशआउटच्या, म्हणजे टाकी रिकामी करायच्या तळाच्या नळाला घट्ट बसवा, दुसरं टाकीच्या बाहेरून उभं वर धरा आणि नळ उघडा. नळीतलं पाणी टाकीतल्या पातळीवर येऊन थांबतं. आधी नळीतून थोडं पाणी वाहू देऊन हवेचे बुडबुडे काढून टाका. मधे बुडबुडा अडकला तर नळी खोटी पातळी दाखवते, आणि ती चूक पाच-दहा सेंटिमीटरची असू शकते.

वजन आणि भिंतीवरचा रेटा

दाब क्षेत्रफळावर अवलंबून नसला, तरी एकूण भार असतो. उदाहरणाला टाकी घेऊ: आतून ४ मीटर लांब, २.५ मीटर रुंद, पाणी १.८ मीटर. तळाचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर, पाणी १८ घनमीटर, म्हणजे १८,००० लिटर आणि १८ टन. दर चौरस मीटरवर १.८ टन.

इथे मीटर आणि टन यांचं नातं लक्षात ठेवण्यासारखं आहे: दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे एक टन. माणसं वावरू शकतात अशा गच्चीचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो चल भारासाठी धरतात. १५० किलो म्हणजे अवघं १५ सेंटिमीटर पाणी. आता १.१ मीटर व्यासाची हजार लिटरची प्लास्टिकची टाकी घ्या. तिच्या तळाचं क्षेत्रफळ ०.९५ चौरस मीटर, म्हणजे भरल्यावर चौरस मीटरला टनापेक्षा जास्त. 'एकच तर टाकी आहे' म्हणून ती स्लॅबच्या मधोमध ठेवणं हे गच्ची गळण्याचं आणि खालच्या छताला तडे जाण्याचं चांगलं कारण आहे. टाकी बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावर यायला हवी, आणि जुन्या इमारतीत नवीन टाकी वाढवायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने आधी ड्रॉइंग पाहायला हवं.

भिंतीवरचा दाब वर शून्य आणि तळाशी पूर्ण, असा त्रिकोणी वाढत जातो. म्हणून सरासरी दाब तळाच्या निम्मा. ४ मीटर लांबीच्या भिंतीवरचा रेटा: ½ × १.८ × १.८ × ४ = ६.४८ टन. हा सगळा रेटा जणू तळापासून एक-तृतीयांश उंचीवर, म्हणजे ०.६ मीटरवर लागतो. खोली दुप्पट केली की तळाचा दाब दुप्पट होतो, पण भिंतीवरचा रेटा चौपट. जुन्या टाकीच्या भिंतीवर दोन फूट बांधकाम चढवून क्षमता वाढवण्याचा प्रकार म्हणूनच धोक्याचा. खालच्या सळ्या जुन्याच राहतात. आरसीसी टाकीत ओल आणि पांढरी खार आधी दिसते ती बहुधा भिंत आणि तळ यांच्या सांध्याशी, त्यामागेही हाच त्रिकोण आहे.

हाच हिशेब लहान क्षेत्रफळालाही लावा. टाकी धुताना १० सेंटिमीटर व्यासाचं वॉशआउट आतून रबरी बुचाने बंद केलेलं असेल आणि वर दोन मीटर पाणी असेल, तर बुचाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर गुणिले ०.२ किलो, म्हणजे १५.७ किलोचा जोर. बुच ओढून निघत नाही म्हणून माणूस वाकून झटका देतो आणि हात वॉशआउटच्या तोंडाशी खेचला जातो. आधी पाणी कंबरेच्या खाली आणा.

हवा कोंडली तर

सूत्र धरून चालतं की पाण्याच्या पृष्ठभागावर मोकळी हवा आहे. मुंबईत टाकीला डासप्रतिबंधक घट्ट झाकण लागतं, नाहीतर पालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस येते. ते योग्यच आहे. पण त्या नादात हवेच्या पाइपावर आणि ओव्हरफ्लोवर बसवलेली बारीक जाळी धुळीने, रंगाने किंवा कबुतरांच्या पिसांनी बंद होते. मग पंप पाणी ढकलतो तेव्हा वरची हवा दाबली जाते आणि तळाचा दाब हिशेबापेक्षा वाढतो. उलट सकाळी सगळ्या घरांत एकदम पाणी सुरू झालं की आत निर्वात तयार होतो, नळाची धार बारीक होते, आणि प्लास्टिकची टाकी चक्क आत ओढली जाते. पोट आत गेलेली टाकी दिसली तर ती बदलण्याआधी हवेचा पाइप तपासा. जाळी असायलाच हवी, फक्त दर सफाईला ती घासून स्वच्छ करायची.

जमिनीखालची टाकी

पालिकेचं पाणी ठरावीक तासांना येतं, ते आधी जमिनीखालच्या सक्शन टाकीत पडतं आणि पंपाने वर जातं. या टाकीच्या तळाचा आतला दाब त्याच सूत्राने काढायचा. वेगळं आहे ते बाहेरून येणारं पाणी.

जुलैत भूजल जमिनीखाली अर्ध्या मीटरवर आलेलं असतं. समुद्राजवळ किंवा भराव टाकलेल्या भागात भरतीच्या वेळी आणखी वर. टाकीचा तळ तीन मीटर खोल असेल तर बाहेरचं पाणी त्या तळाला २.५ मीटरच्या दाबाने, म्हणजे चौरस मीटरला २.५ टनाने, वर ढकलत असतं. आत पाणी भरलेलं असेपर्यंत हा जोर तोलला जातो. टाकी धुवायला रिकामी केली की समोर उरतं ते फक्त काँक्रीट: २० सेंटिमीटर जाडीचा तळ चौरस मीटरला अर्धा टन भरतो. बाकीचा जोर भिंती, वरचा स्लॅब आणि इमारतीचा भार पेलतात. जिथे तो पुरत नाही तिथे तळ फुगतो, तडा जातो, आणि मग पावसाळाभर बाहेरचं गढूळ पाणी आत येतं. इमारतीच्या पोटाखाली नसलेली, मोकळ्या आवारातली सक्शन टाकी भर पावसात पूर्ण रिकामी करू नये. सफाई मे महिन्यात उरका.

गळती आतून बाहेर की बाहेरून आत, हेही पातळ्यांवरूनच ठरतं. ज्या बाजूचं पाणी उंच, त्या बाजूकडून. टाकी अर्धी रिकामी असताना बाहेरचं पाणी उंच असेल तर मलजलाच्या वाहिनीतून झिरपलेलं पाणीसुद्धा आत येऊ शकतं. (आणि अशा टाकीत एकट्या माणसाला उतरवू नका. आतली हवा न तपासता तर नाहीच.)

टाकीच्या तळापासून नळापर्यंत

आता खरा प्रश्न. रहिवाशाला टाकीच्या तळाचा दाब नको असतो, शॉवरचा हवा असतो. नियम तोच: टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून नळाच्या तोंडापर्यंतची उभी उंची. टाकीच्या तळापासून नाही, आउटलेटपासून नाही, गच्चीच्या लादीपासूनही नाही.

स्टिल्ट (तळाचा पार्किंगचा मोकळा मजला) अधिक सात मजल्यांची इमारत घ्या. स्टिल्ट २.६ मीटर, प्रत्येक मजला २.९ मीटर. सगळ्या उंच्या आवारातल्या फरशीपासून मोजू.

गच्ची: २.६ + ७ × २.९ = २२.९ मीटर.
टाकीचा तळ जिन्याच्या खोलीवर, गच्चीपासून २.४ मीटर वर: २५.३ मीटर.
पाण्याची पातळी, टाकी भरलेली: २५.३ + १.८ = २७.१ मीटर.

पहिल्या मजल्याची फरशी २.६ वर, वॉश बेसिनचा नळ तिच्यापासून ०.९ वर, म्हणजे ३.५ मीटर. फरक २३.६ मीटर, दाब २.३६ किलो.

सातव्या मजल्याची फरशी २० मीटरवर. शॉवर २.१ मीटर उंच, म्हणजे २२.१ मीटर. फरक ५ मीटर, दाब ०.५ किलो. टाकी उतरून ३० सेंटिमीटर पाणी उरलं की पातळी २५.६ वर येते आणि शॉवरला उरतात ३.५ मीटर, ०.३५ किलो. पहिल्या मजल्याला त्याच वेळी २.३६ चे २.२१ होतात, त्यांना पत्ताही लागत नाही. टाकी उतरली की तक्रार नेहमी वरूनच का येते, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे. त्याच घरात बादलीचा नळ शॉवरपेक्षा दीड मीटर खाली असतो, म्हणून नळ ठीक आणि शॉवर मरगळलेला.

उंच्या मिळवताना सोसायटीचं मंजूर ड्रॉइंग वापरत असाल तर सगळे आकडे एकाच संदर्भपातळीचे आहेत ना, ते पाहा. मुंबईच्या पाणीपुरवठ्यात पातळ्या बऱ्याचदा टाऊन हॉल डेटमपासून, म्हणजे शहराच्या स्वतःच्या संदर्भपातळीपासून दिलेल्या असतात, आणि मोबाइल किंवा नकाशातली उंची समुद्रसपाटीपासून. दोन वेगळ्या डेटमचे आकडे वजा केले की उत्तर भलतंच येतं. शहराचा स्वतःचा पुरवठाही याच हिशेबावर उभा आहे: हँगिंग गार्डनखालचा मलबार हिलचा जलाशय आणि माझगावचा भंडारवाडा जलाशय टेकड्यांवर आहेत ते खालच्या वस्तीला उंचीचा दाब मिळावा म्हणून.

नळ उघडल्यावर

इथपर्यंतचा दाब स्थिर पाण्याचा. पाणी वाहू लागलं की पाइपात घर्षणाने दाब खर्च होतो, आणि वरच्या मजल्यावर खर्चायला मुळात पाचच मीटर असतात.

मिनिटाला १२ लिटर प्रवाह धरला, पाइप नवा गुळगुळीत सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा), हेझन-विल्यम्स सूत्रातला पाइपाच्या गुळगुळीतपणाचा गुणांक १४० धरला, तर दर मीटरमागे होणारी घट अशी: पाऊण इंची पाइपात, ज्याचा आतला व्यास सुमारे १८ मिलिमीटर असतो, ५ सेंटिमीटर, अर्धा इंची पाइपात, ज्याचा आतला व्यास साडेबारा मिलिमीटरच्याही आत असतो, सुमारे ३० सेंटिमीटर. सहापट. व्यासाचा परिणाम जवळजवळ पाचव्या घाताने होतो, म्हणून हा फरक डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे.

सातव्या मजल्यावर पाऊण इंची लाइन १४ मीटर, शिवाय दहा एल्बो. प्रत्येक एल्बो साधारण ०.६ मीटर पाइपाएवढा अडथळा करतो, म्हणजे हिशेबाची लांबी २० मीटर. घट १ मीटर. शॉवरला उरले ४ मीटर. आता बाथरूमच्या नूतनीकरणात शेवटचे ५ मीटर अर्धा इंची टाकले, भिंत कमी फोडावी लागते म्हणून. त्या पाच मीटरची घट दीड मीटर, बाकीच्या १५ मीटरची ०.७५. एकूण २.२५ गेले, उरले २.७५. टाकी उतरली असेल तर सव्वा मीटर. एवढ्यावर इन्स्टंट गॅस गीझर पेटतच नाही आणि रेन शॉवरमधून पाणी ठिबकतं. लायनीवर इतर घरंही सकाळी साडेसातला त्याच डाउनटेक पाइपावर, म्हणजे टाकीतून खाली पाणी आणणाऱ्या उभ्या पाइपावर असतात, त्यांची घट वेगळी.

जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात आतून गंज आणि क्षार बसून गुणांक ८० पर्यंत खाली येतो. तेवढ्यानेच घट २.८ पट होते, आणि गंजाने व्यास कमी झालेला असतो ते वेगळंच.

म्हणून वरच्या मजल्याचा इलाज शोधताना हिशेबाचा क्रम ठेवा. टाकी एक मीटर उचलली तर ०.१ किलो मिळतं, खर्च आणि इंजिनिअरची मंजुरी मोठी. वरच्या दोन मजल्यांना टाकीतून स्वतंत्र सव्वा इंची डाउनटेक दिला तर बऱ्याचदा तेवढंच किंवा जास्त मिळतं, खर्च पाइपाचा. तेही पुरलं नाही तर बूस्टर पंप, पण तो स्वतंत्र आउटलेटवर आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) बायपाससह. सामाईक डाउनटेकवर एकट्या घराने पंप लावला तर तो शेजाऱ्यांचं पाणी ओढतो आणि जुन्या सांध्यांतून हवाही आत घेतो.

एक दोष आकड्यांत दिसत नाही. गच्चीवर डाउनटेक पाइप एखाद्या पॅरापेटवरून किंवा दुसऱ्या लायनीवरून उंटाच्या पाठीसारखा वर जाऊन खाली आला असेल, तर टाकी एकदा रिकामी झाल्यावर त्या कुबडात हवा अडकते. तिथे वर पाणी जेमतेम अर्धा मीटर असतं, तेवढ्या दाबाने हवा ढकलली जात नाही. डाउनटेकच्या सुरुवातीला उभा व्हेंट पाइप लावा, आणि त्याचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर न्या, नाहीतर टाकी भरली की तिथूनच पाणी वाहील.

गेज लावून पडताळणी

दुकानात सहज मिळतं ते ० ते १० किलोचं गेज. १.६ अचूकता वर्गाच्या गेजची चूक पूर्ण मोजपट्टीच्या १.६ टक्के, म्हणजे ०.१६ किलो असू शकते. ०.१६ किलो म्हणजे १.६ मीटर पाणी, आपल्या टाकीतलं जवळजवळ सगळं. टाकीच्या तळाला हे गेज लावणं निरर्थक. पहिल्या मजल्याला ० ते ४ चं घ्या, सातव्या मजल्याला आणि टाकीला ० ते १ चं.

वॉशिंग मशीनच्या नळाला आटे असतात, तिथे ॲडॉप्टर लावून गेज बसवा. टेफ्लॉन टेप घ्या, हवा काढून टाका, गेजच्या मध्याची फरशीपासूनची उंची लिहून ठेवा. घरातले सगळे नळ बंद. रात्री अकरानंतर मोजा, तेव्हा डाउनटेकमध्ये प्रवाह जवळपास नसतो. त्याच वेळी कुणीतरी गच्चीवर पाण्याची पातळी मोजायला हवी.

हिशेब आणि गेज जुळले, पण नळ उघडल्यावर काटा धाडकन शून्याकडे गेला, तर टाकीत दोष नाही, वाटेत अडथळा आहे. आधी नळाची एरेटर जाळी काढून धुवा. मग गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह पाहा: त्यातली पाचर स्पिंडलपासून सुटून खाली पडलेली असते, चाक फिरतं आणि व्हॉल्व्ह उघडल्यासारखा वाटतो, पाणी मात्र फटीतून येतं. नळ बंद असतानाच गेज हिशेबापेक्षा कमी दाखवत असेल तर कुठेतरी पाणी वाहतंय. बहुतेक वेळा गळका फ्लश टँक. गेज हिशेबापेक्षा जास्त दाखवत असेल तर ते घर दुसऱ्या टाकीवर किंवा थेट पंपाच्या लायनीवर जोडलेलं आहे का, ते तपासा. मोठ्या सोसायट्यांत असं निघतं.

पाण्याची पातळी ऑफिसात दिसावी म्हणून काही सोसायट्या टाकीच्या तळाशी दाबाचा सेन्सर सोडतात. ० ते ५ मीटरच्या, ४ ते २० मिलीअँपिअरच्या (शून्य पाण्याला ४, पूर्ण ५ मीटरला २०) सेन्सरने १.८ मीटरला ४ + १६ × १.८ ÷ ५ = ९.७६ मिलीअँपिअर द्यायला हवेत. सेन्सर तळापासून पाच सेंटिमीटर वर लटकत असेल तर ते पाच सेंटिमीटर डिस्प्लेत मिळवा. या सेन्सरच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असते, तिचं वरचं टोक मोकळं आणि कोरडं राहायला हवं. मुंबईच्या दमट हवेत ती बंद झाली की बाहेरच्या हवेचा बदल पाण्याची पातळी म्हणून दिसू लागतो. जानेवारीपेक्षा जुलैत हवेचा दाब सुमारे १० हेक्टोपास्कलने कमी असतो; तेवढ्याने डिस्प्लेवर दहा सेंटिमीटर पाणी 'कमी' होतं आणि पंप उगीच चालतो.

उंच टॉवर

बावीस मजल्यांना २.९ मीटरने ६३.८ मीटर होतात. वर टाकीची उंची धरली की सर्वात खालच्या नळाला साडेसहा किलोच्या पुढे. नळाशी साधारण तीन-चार किलोच्या आत दाब ठेवतात, म्हणून मजल्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, किंवा मधे ब्रेक प्रेशर टाकी, म्हणजे वरचा दाब तोडणारी मधली टाकी देतात. पीआरव्हीच्या दोन्ही बाजूंना गेज हवं. खालच्या बाजूचं गेज रात्री, प्रवाह नसताना वाचा. दिवसा २.५ किलो दाखवणारं गेज रात्री हळूहळू ५ वर चढत असेल तर व्हॉल्व्हच्या सीटमध्ये कचरा अडकलाय आणि पाणी झिरपतंय. कमोडमागच्या जोडनळ्या पहाटे फुटतात त्या यामुळेच. व्हॉल्व्हआधीचा गाळणी-फिल्टर उघडून साफ करा, मग सीट आणि डायफ्रॅम पाहा. स्प्रिंगचा स्क्रू फिरवून हा दोष जात नाही, उलट दिवसाचा दाब तेवढा घटतो.